हवा टाइट, ट्यूब राइट?

रेसिंग सायकल घेतलीत, चाकं भारीतली टाकलीत, जर्सीला मॅचिंग हेल्मेटही आलं. पण टायरच्या आत कुठली ट्यूब आहे? नाही ना सांगता येत? मग हे वाचाच!

वेळ दुपारी पावणेचार. ठिकाण पुणे-सातारा हायवे. शिरवळ अजून तीन किलोमीटर लांब आणि माझं मागचं चाक सपाट!

ही माझी पहिली ब्रेव्हे. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, स्वतःच्या जिवावर पार करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. मागे गाडी नाही, मेकॅनिक नाही, ‘भय्या, जरा बघ ना’ नाही. सकाळी सहाला पुण्यातून निघून साताऱ्याकडे गेले, वळले, १४७ किलोमीटर झाले होते. पायात थोडा जीव होता आणि हातात पावणेचार तास. म्हणजे काम सोप्पं होतं. पंक्चर झालं तर काय एवढं? सॅडल बॅगमध्ये नवीकोरी स्पेअर ट्यूब होती की!

टायर उतरवला, जुनी ट्यूब काढली, नवी घातली, पंप घेतला... आणि व्हॉल्व्हच दिसेना. रिमच्या भोकात डोकावून पाहिलं, तर साहेब आत लपून बसलेले. कारण दोनच आठवड्यांपूर्वी मी हौसेनं ५० मिलिमीटर खोल रिमची चाकं घेतली होती. (फोटोत काय दिसतात म्हणून सांगू!) चाकांमध्ये ८० मिलिमीटर व्हॉल्व्हच्या ट्यूबा बसवलेल्या होत्या. पण बॅगेतली स्पेअर जुन्या चाकांच्या वेळची, ४८ मिलिमीटर व्हॉल्व्हवाली. चाकं बदलली, स्पेअर बदलायची राहिली.

मागून येणारा एक जण थांबला. त्यानं दिलदारपणे आपली ट्यूब पुढे केली, पण ती जाड व्हॉल्व्हवाली. माझ्या रिमच्या भोकातून ती जाईचना. मग पॅच लावू म्हटलं, तर किटमधलं सोल्युशन सुकून खडखडीत. शेवटी सायकल ढकलत शिरवळ गाठलं आणि हायवेलगतच्या एका पंक्चरवाल्या काकांसमोर उभी राहिले. त्यांनी माझी ट्यूब दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, “ताई, ही ट्यूब हाय का फुगा?”

त्या दिवशी मी पुण्यात पोहोचले तेव्हा साडेतेरा तास उलटून पस्तीस मिनिटं झाली होती. पाय थकले म्हणून नाही, तर एक साधी ट्यूब मी नीट निवडली नव्हती म्हणून! तेव्हापासून ट्यूब या विषयाचा मी अक्षरशः क्लास लावला. त्याच्या या नोट्स.

आधी साइजचं बघा

टायरच्या साइडला बारीक अक्षरांत आकडे असतात. ७०० x २५सी किंवा २५-६२२ असे काहीतरी. यातला २५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्येच. आजच्या बहुतेक सगळ्या रोड सायकलींना हाच ६२२ असतो. त्यामुळे ट्यूब घेताना खरा प्रश्न रुंदीचा.

ट्यूबच्या खोक्यावर रुंदीची रेंज छापलेली असते. १८ ते २५, २० ते २८, २५ ते ३२ वगैरे. आपला टायर त्या रेंजच्या आत बसायला हवा, शक्यतो मधोमध. टायर २८ चा आणि ट्यूब १८-२५ ची असली तर हवा भरल्यावर ती गरजेपेक्षा जास्त ताणली जाते, पातळ होते आणि बारीकशा काट्यालाही शरण जाते. उलट ट्यूब फार मोठी असली तर आत घड्या पडतात आणि घडीवरच ती फाटते. जीन्ससारखंच आहे हो. कमरेला एक इंच इकडे-तिकडे चालेल, चार इंच नाही!

इथे आणखी एक घोळ होतो. पूर्वी रेसिंग म्हणजे २३ चा टायर असं समीकरण होतं. आता रेसवालेही २८ किंवा त्याहून रुंद टायर सर्रास वापरतात. तुम्हीही २३ वरून २८ वर गेला असाल तर जुन्या स्पेअर ट्यूबवरचे आकडे एकदा वाचा. टायर बदलला की ट्यूबही तपासायची, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

मग व्हॉल्व्ह

आपल्या बाबांच्या काळ्या सायकलला जो व्हॉल्व्ह असायचा, त्यात ती छोटी रबरी वॉलट्यूब घालावी लागायची. आठवतंय? तो प्रकार वेगळा. मोटारबाइकला आणि बऱ्याच माउंटन बाइकना असतो तो जाड श्रेडर व्हॉल्व्ह. रेसिंग सायकलला असतो तो बारीक, टोकाला चिमुकला नट असलेला प्रेस्टा. प्रेस्टासाठी रिमला साधारण ६ मिलिमीटरचं भोक असतं आणि श्रेडरला साधारण ८ लागतं. म्हणूनच त्या दिलदार मित्राची ट्यूब माझ्या काही कामाची नव्हती.

प्रेस्टात हवा भरायची तर आधी तो नट सैल करायचा, टोक एकदा हलकेच दाबून ‘फुस्स’ करायचं आणि मग पंप लावायचा. नट न उघडता पंप मारत बसणारे महाभाग मी पाहिलेत. (हो, त्यात मीही होते.) पेट्रोल पंपावरचं किंवा पंक्चरच्या दुकानातलं नोझल प्रेस्टाला बसत नाही. त्यासाठी पितळेचा नखाएवढा अडॅप्टर मिळतो. अगदी किरकोळ किमतीचा. तो बॅगेत असायलाच हवा.

आता लांबी. रिम जितकी खोल तितका व्हॉल्व्ह लांब. हवा भरायला निदान १५-२० मिलिमीटर टोक बाहेर दिसलं पाहिजे. साध्या, ३० मिलिमीटरपर्यंतच्या रिमला ४८ चालतो, ४० च्या आसपास असेल तर ६० घ्या आणि ५०-६० च्या खोल रिमला ८०. तुमच्या दोन्ही चाकांची खोली वेगळी असेल तर स्पेअर कुठली घ्यायची? लांब व्हॉल्व्हवाली! लांब व्हॉल्व्ह उथळ रिममध्ये जरा विचित्र दिसेल, पण चालेल. आखूड व्हॉल्व्ह खोल रिममध्ये चालतच नाही. माझ्याकडून हे फुकट शिकून घ्या.

आता खरी मजा, मटेरियल

इथे तीन उमेदवार आहेत.

पहिला ब्युटिल. काळी, आपली नेहमीची ट्यूब. ब्युटिल हे १९३७ मध्ये अमेरिकेत शोधलं गेलेलं कृत्रिम रबर. त्याचा मोठा गुण म्हणजे हवा धरून ठेवतं. एकदा भरलीत की आठवडाभर फारशी चिंता नाही. रोड सायकलची साधी ब्युटिल ट्यूब साधारण १०० ग्रॅमची असते, ‘लाइट’ म्हणून मिळणारी ७० च्या आसपास. लाइट म्हणजे पातळ, हे मात्र विसरू नका. स्वस्त, कुठेही मिळणारी आणि कुठेही पॅच लागणारी.

दुसरी लॅटेक्स. हे नैसर्गिक रबर, जास्त लवचीक. सायकल चालताना टायर आणि ट्यूब जमिनीपाशी सतत दबतात आणि परत फुलतात. या दबण्या-फुलण्यात तुमच्या पायांची थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. लॅटेक्समध्ये हे वाया जाणं कमी. चाचण्यांमध्ये ब्युटिलच्या तुलनेत एका चाकामागे साधारण दोन-तीन वॉटची बचत दिसते. टाइम ट्रायल मारणाऱ्याला ही लॉटरीच! पण वाढदिवसाचे फुगे दुसऱ्या दिवशी सकाळी कसे मलूल झालेले असतात? तेही लॅटेक्सचेच. ही ट्यूबही तशीच रात्रीतून हवा सोडते. म्हणजे प्रत्येक राइडच्या आधी पंप मारणं आलं. बसवताना पावडर लावून हळुवार हाताळावी लागते. आणि रिम ब्रेकच्या कार्बन चाकांवर घाट उतरताना रिम तापते, तिथे लॅटेक्स नकोच. ती उष्णतेनं फुटू शकते. चाक बनवणारेही तसं बजावतात.

तिसरा, गेल्या काही वर्षांतला नवा हीरो, टीपीयू. हे रबर नाही, एक प्रकारचं लवचीक प्लॅस्टिक आहे. घडी घातली की मुठीत मावते, वजन जेमतेम २५ ते ४० ग्रॅम. रोलिंगमध्ये साध्या ब्युटिलपेक्षा सरस आणि हवा धरण्यात लॅटेक्सपेक्षा बरी. मग अडचण कुठे? किंमत ब्युटिलच्या कितीतरी पट. तिला नेहमीचं सोल्युशन-पॅच चालत नाही, वेगळे पॅच लागतात. टायरबाहेर जास्त फुगवलीत की ती ताणून बेढब होते आणि परत मूळ आकाराला येत नाही. शिवाय काही टीपीयू ट्यूबा फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात, तेव्हा खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायचंच.

“ट्यूबलेसचं काय?” असा प्रश्न येणारच. रेसिंगमध्ये आता ट्यूबलेसचा जोर आहे आणि बारीक भोकं आतल्या सीलंटनं आपोआप बुजतात, हे खरंच. पण भोक मोठं असलं आणि सीलंटनं हात टेकले, तर ट्यूबलेसवाला काय करतो माहितीय? बॅगेतून ट्यूब काढतो आणि आत घालतो!

चार सेकंदांचा हिशेब

वजनाचं वेड आपल्या सगळ्यांनाच. चला, गणित करू. साध्या ब्युटिलऐवजी टीपीयू टाकलीत तर दोन चाकांचे मिळून साधारण १२० ग्रॅम वाचतील. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हे झाले ०.१५ टक्के. सिंहगड चढायला तुम्हाला ४५ मिनिटं लागत असतील तर वाचले किती? जेमतेम चार सेकंद! वर पिठलं-भाकरीची ऑर्डर द्यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

आता दुसरी बाजू. रस्त्यात पंक्चर झालं, सामान बरोबर असलं आणि हाताला सवय असली तर ट्यूब बदलायला दहा-बारा मिनिटं. सवय नसली तर अर्धा तास. आणि सामानच चुकीचं असलं तर? माझे १०० मिनिटं गेले. म्हणजे चार सेकंद वाचवायला आपण हजारो रुपये घालवतो आणि १०० मिनिटं वाचवणारी गोष्ट तपासतही नाही.

हा फंडा सायकल रेसिंगइतकाच जुना आहे. जॉन बॉइड डनलॉपनं बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पळायला तो एक नंबर होता, पण रिमला चिकटवलेला. पंक्चर काढायचं म्हणजे तासन्‌तास खोळंबा. मग फ्रान्समध्ये मिशलॅं बंधूंनी रिमवरून काढता-घालता येणारा टायर आणला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची रेस पहिल्यांदा झाली आणि ती जिंकणाऱ्या शार्ल तेरॉंच्या सायकलला हेच टायर होते. लांबच्या रेसमध्ये टायर किती पळतो याइतकंच तो किती लवकर दुरुस्त होतो हेही मोजलं जातं, हे तेव्हाच सिद्ध झालं. आज पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस दर चार वर्षांनी ब्रेव्हे म्हणून होते आणि आपल्याकडचे रायडर्स २००, ३००, ४००, ६०० च्या ब्रेव्हे पूर्ण करून तिथे जातात. तुमच्या-माझ्या रविवारच्या राइडचं आणि तेरॉंच्या रेसचं असं नातं आहे.

मग घ्यायची कुठली?

रोज ऑफिसला सायकलनं जाता किंवा वीकएण्डला ग्रुपबरोबर पन्नास-शंभर किलोमीटर मारता? डोळे झाकून साधी ब्युटिल. लाइटसुद्धा नको.

ब्रेव्हे किंवा लांबची राइड? चाकात ब्युटिल. स्पेअर मात्र दोन, आणि इथे टीपीयूला खरा चान्स आहे. दोन टीपीयू ट्यूबा एका ब्युटिलच्या जागेत मावतात. चाकात टाकून चार सेकंद वाचवण्यापेक्षा बॅगेत एक ट्यूब जास्त नेता येते, हा तिचा मोठा फायदा.

टाइम ट्रायल किंवा रेस, रस्ता चांगला, दिवस ठरलेला? मग लॅटेक्स किंवा टीपीयू जरूर ट्राय करा. पण रेसच्या आदल्या रात्री नाही! निदान दोन-तीन राइड आधी करून बघा.

पावसाळ्यात? ब्युटिल, ब्युटिल आणि ब्युटिल. पाण्याबरोबर रस्त्यावर खडी-काचा वाहून येतात आणि ओलं रबर लवकर कापलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये महागडी ट्यूब घालून फिरणं म्हणजे नवे पांढरे स्नीकर्स घालून चिखलात उतरणं.

काकांचा कापूस

परत शिरवळला येऊ. काकांनी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे दाखवले, भोकावर खूण केली. मी म्हटलं, “काका, पटकन पॅच लावा ना, वेळ नाहीये.” ते शांतपणे म्हणाले, “ताई, भोक गावलं. पण काटा कुठं गावलाय?” मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून गोल फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिथून निघाली केसाएवढी बारीक तार! हायवेवर ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या स्टीलच्या या तारा असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागत नाहीत. मी ती तशीच ठेवून दहा ट्यूबा बदलल्या असत्या, तरी दहाही पंक्चर झाल्या असत्या.

एवढ्या पातळ ट्यूबला लावायचा त्यांच्याकडचा सगळ्यात छोटा पॅचही मोठाच होता. त्यांनी तो कात्रीनं गोल कापला, कानस अगदी हलक्या हातानं फिरवली, सोल्युशन लावून नीट सुकू दिलं. मला दर सेकंद युगासारखा वाटत होता. पण त्यांनी घाई केली नाही, आणि तो पॅच कात्रजचा जुना घाट चढून पुण्यापर्यंत टिकला. पैसे विचारले तर नेहमीच्या पंक्चरचेच घेतले. वर म्हणाले, “पुढच्या बारीला सोताच काढा.”

तेव्हापासून माझ्या बॅगेत दोन स्पेअर ट्यूबा असतात, माझ्या टायरच्या आणि माझ्या रिमच्या मापाच्या. त्या जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या, नाहीतर टूलच्या टोकानं बॅगेतच घासून भोक पडतं. बरोबर दोन टायर लिव्हर, पॅच, न उघडलेलं सोल्युशन (एकदा उघडलं की काही महिन्यांत सुकतं), अडॅप्टर, छोटा पंप आणि कापसाचा एक बोळा. कार्बन डायऑक्साइडची डबी चटकन हवा भरते, पण ती एकदाच कामाची. शिवाय तो वायू ब्युटिलमधूनही लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर काढून साधी हवा भरायची. पंपाची सर तिला नाही.

आणि एक होमवर्क. आजच रात्री, टीव्ही बघता बघता, मागचं चाक काढा. ट्यूब काढा, बॅगेतली स्पेअर घाला. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरचा शेवटचा भाग लिव्हरनं नाही, अंगठ्यांनी चढवा. दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना, ते बघा. मग पूर्ण हवा भरा आणि सकाळपर्यंत तशीच ठेवा. व्हॉल्व्ह बाहेर आला, हवा राहिली, तर तुमची स्पेअर खरंच स्पेअर आहे. नाही आला, तर निदान तुम्ही घरात, पंख्याखाली आहात. शिरवळच्या अलीकडे, उन्हात नाही.

दोन महिन्यांनी मी तीच ब्रेव्हे परत केली. खंबाटकी ओलांडल्यावर पंक्चर झालंच! टायर उतरवला, आतून कापूस फिरवला, तार निघाली. ट्यूब बदलून पुन्हा सायकलवर बसले तेव्हा घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं. पुण्यात पोहोचले तेव्हा वेळ संपायला अजून चाळीस मिनिटं होती.